पाहुण्याचा रंग

खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की एकच हाक ऐकू यायची, "नकाशेबाई!"

खरं तर तिचं काम नकाशे काढायचं. डोंगर कुठून किती फोडायचा, भोकं कुठे पाडायची, एकमेकांपासून किती लांब, किती खोल, हे सगळं मापात बसवून रोजचा नकाशा तयार करायचा, एवढंच. पण एकदा साहेबांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद तिने भुवया कोरायच्या चिमट्याने ओढून काढला, आणि तिथेच फसली. माणसाने एकदा शहाणपणा दाखवला की लोक सोडतात होय! तेव्हापासून कुणाचा माउस हलेना, कुणाची फाइल उघडेना, कुणाला पासवर्ड आठवेना, सगळ्यांचा मोर्चा हिच्या टेबलाकडे. पगार मात्र नकाशांचाच.

तर मागच्या महिन्यात वरून हुकूम आला की आता कागदाचे नकाशे बंद. ड्रिल मशीनच्या केबिनमध्ये एकेक टॅब बसवायचा आणि नकाशा पीडीएफ करून त्यात टाकायचा. खाणीत मशीन दोनच. डोंगर जिन्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला, त्यातल्या वरच्या पायरीवर एक मशीन आणि खालच्या पायरीवर एक. संध्याकाळी दोन्ही ड्रिलवाले टॅब आणून तिच्या टेबलावर ठेवायचे, ती दुसऱ्या दिवसाचा नकाशा त्यात भरायची, सकाळी ते घेऊन जायचे.

वरच्या मशीनवर होता तिचा धाकटा दीर. त्याला सगळी खाण गिरमिट म्हणायची, कारण भोकं पाडणं हा त्याचा धंदा आणि गप्प न बसणं हा त्याचा स्वभाव. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो चड्डी सावरत शाळेत जायचा, तिच्याच हाताला धरून. सासूबाई आधीच गेलेल्या. त्याची दुखणी तिने काढली, तो नापास झाला तेव्हा त्याची बाजू घेऊन नवऱ्याशी भांडली तीच, आणि साहेबांच्या मागे लागून त्याला खाणीत चिकटवलाही तिनेच. पुढे त्याचं लग्न झालं, बायको आली, तरी वहिनीचा पदर काही सुटला नव्हता.

खालच्या मशीनवर होता मौनी. नावाप्रमाणेच. दिवसभरात चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. संध्याकाळी टॅब आणायचा तो फडक्याने लख्ख पुसून, टेबलाच्या कडेला नीट समांतर ठेवायचा, "झालं" म्हणायचा आणि जायचा. गिरमिटाचा टॅब मात्र धूळ, बोटांचे ठसे आणि चहाचे ओघळ घेऊनच यायचा.

पहिल्याच आठवड्यात गिरमिट तणतणत आला.

"वहिनी, हे काय गं काळं तोंड दिलंयस मला? पान उघडलं की काळंकुट्ट. वर पांढऱ्या रेघा. बाहेर ऊन असं की त्या काळ्यात मलाच माझं थोबाड दिसतं."

"थोबाड दिसलं तर बरंच आहे की. सुधारशील जरा."

"चेष्टा नको गं. खरंच काही दिसत नाही."

तिने टॅब हातात घेतला. बघते तर रात्रीची काळी पार्श्वभूमी चालू होती. टॅब आला तसाच होता, कुणी बघितलंच नव्हतं. तिने ती बंद केली. पान पांढरं झालं. दुसऱ्या दिवशी गिरमिट पुन्हा हजर, डोळे लाल करून. म्हणे, आता इतकं पांढरं झालंय की दगडाची चमक आणि पानाची चमक मिळून डोळ्यांत सुया टोचतात. मग तिने उजेड कमी केला, तर म्हणे रेघा पुसट झाल्या. उजेड वाढवला, तर म्हणे पुन्हा सुया. तिच्या नाकीनऊ आले. शेवटी पीडीएफ उघडायच्या त्या ॲपची सेटिंग ती एकेक उघडून बघत बसली. खूप खाली, जिथे शहाणं माणूस कधी जात नाही अशा ठिकाणी, एक ओळ सापडली : कागदाचा रंग बदलून दाखवा. तिथे टिचकी मारली की रंग निवडता येत होते. तिने फिकट हिरवा निवडला. सगळ्या फाइलींना लावू का, असं ॲपने विचारलं. तिने हो म्हटलं.

मग तिने एक जुना नकाशा उघडून पाहिला. फिकट हिरव्या पानावर काळ्या रेघा कशा स्वच्छ उठून दिसत होत्या. भोकांचे गोल दिसत होते, आकडे दिसत होते. गिरमिट तर खूशच झाला. "वहिनी, तुला सोन्याची माळ घालतो दिवाळखोर झालो तरी," म्हणाला. पुढे आठवडाभर तो तिचं कौतुक सांगत सगळ्या खाणीत हिंडला. साहेबांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनीही आपले डोळे दुखत असल्याचं सांगून स्वतःच्या कॉम्प्युटरवर तेच करून घेतलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ड्रिलने भोकं पाडायची, भोकांत सुरुंगमास्तरांनी दारू भरायची, दुपारी भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी लांब जायचं, आणि डोंगराचा तुकडा खाली आणायचा, अशी खाणीची रीत. पण कधीकधी एखादं भोक उडत नाही. वायर तुटते, काहीतरी होतं. बाकीचा डोंगर कोसळतो आणि ते भोक पोटात दारू घेऊन तसंच राहतं, वर दगडमाती पडून झाकलं जातं. मास्तर शोधून त्यावर खूण करतात, पण खाणीतली धूळ ती खूण ठेवते थोडीच! दुसऱ्या दिवशी ड्रिलची सळई नेमकी तिथे उतरली, तर मशीन राहत नाही आणि माणूसही राहत नाही.

अशा भोकाला खाणीत पाहुणा म्हणत. खरं नाव कुणी काढत नसे. मास्तरांच्या उमेदीच्या काळात एका कारकुनाने नकाशावर ते अक्षरांत लिहिलं आणि त्याच दिवशी तीन माणसं गेली, असं ते सांगायचे. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. पण तेव्हापासून दंडक पडला. लिहायचं नाही, ड्रिलवाल्याला तोंडाने सांगायचंही नाही. नकाशावर तेवढा भाग गुलाबी रंगाने भरायचा. गुलाबी दिसलं की त्याच्या आसपास सळई टेकवायची नाही, हे ड्रिलवाल्याला पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. अक्षर नाही, बाण नाही, टीप नाही. फक्त रंग. नकाशेबाई नवी होती तेव्हा तिने एकदा विचारलं होतं, मास्तर, बाजूला दोन शब्द लिहू का? मास्तरांनी असं काही पाहिलं तिच्याकडे की तिने कानाला खडा लावला.

टॅब हिरवा झाल्यापासून पाहुणा राहिलाच नव्हता. सगळी भोकं शहाण्यासारखी उडत होती. आणि काल संध्याकाळी मास्तर ऑफिसात आले, टोपी काढून तिच्या टेबलाशी उभे राहिले, आणि हळू आवाजात म्हणाले, "दोन आहेत. एक वर, एक खाली. खालचा जबर आहे."

तिने दोन्ही नकाशांवर गुलाबी भरलं. मास्तरांनी तिच्या मोठ्या स्क्रीनवर वाकून पाहिलं, मान डोलावली आणि गेले. तिने फाइली टॅबमध्ये टाकल्या. उघडून बघितल्या नाहीत. कशाला बघेल? रोज टाकायची तशाच टाकल्या. रात्री जेवताना गिरमिटाला सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण समोर जाऊ वाढत होती, नवऱ्याच्या धंद्याला आधीच भ्यायलेली, आणि शिवाय मास्तरांचा दंडक. सकाळी नकाशा उघडेल तेव्हा दिसेलच की, म्हणून ती गप्प राहिली.

सकाळ अशी काही वेगळी नव्हती. ऑफिसच्या खिडकीतून दोन्ही मशीनची घरघर येत होती, एक जवळून, एक लांबून. शिपायाने टेबलं पुसली होती आणि पुसता पुसता नवी धूळ बसत होती. तेवढ्यात हाक आली.

"नकाशेबाई! अहो, माझा रंग गेला!"

ती साहेबांच्या खोलीत गेली. "तोंडाचा की फाइलचा?" हे मनात म्हणाली, उघड म्हणाली, "काय झालं साहेब?"

"हा अहवाल बघा. मालकांना पाठवायचाय अकरापर्यंत. वरती निळा पट्टा होता की नाही? तुम्हीच केला होता. आणि ही जी कामं मागे पडलीत त्यांच्या चौकटी पिवळ्या होत्या. कुठे गेलं सगळं? काय बोडक्या कपाळासारखं दिसतंय हे!"

खरंच गेलं होतं. अक्षरं जागच्या जागी, रेघा जागच्या जागी, पण पट्टा नाही, पिवळं नाही. सगळं पान एकसारखं फिकट हिरवं.

तिने खुर्ची ओढली. आधी फाइल बंद करून पुन्हा उघडली. तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. साहेब घड्याळ बघत होते. पुन्हा तेच. मग तीच फाइल तिने स्वतःच्या टेबलावर जाऊन उघडली, तर निळा पट्टा निळा, पिवळ्या चौकटी पिवळ्या. म्हणजे फाइल धडधाकट होती. खात्री करायला साहेबांच्याच कॉम्प्युटरवरून एक पान छापून पाहिलं. प्रिंटरमधून निळा पट्टा घेऊन कागद बाहेर आला.

"हे बघा, कागदावर येतोय," ती म्हणाली. "म्हणजे रंग गेलेला नाही. फक्त तुमच्या पडद्यावर दिसत नाही."

"मग माझ्याच पडद्याने काय घोडं मारलंय?"

तिने दुसरी फाइल उघडली. तिच्यातलेही रंग गायब. तिसरी. तिच्यातलेही. मग बोट आपोआप सेटिंगकडे गेलं, खाली, आणखी खाली, त्या ओळीपाशी. कागदाचा रंग बदलून दाखवा. समोर खूण होतीच, तिनेच केलेली. तिने ती काढली.

पान पांढरं झालं आणि निळा पट्टा कुठून तरी डोकं वर काढल्यासारखा हजर झाला.

"आला!" साहेब टाळी वाजवून म्हणाले. "काय होतं हो?"

तिलाही बरं वाटलं. गुंता सुटला की वाटतंच. ती शाळेतल्या मास्तरणीच्या आवाजात समजावून सांगू लागली, "काही नाही साहेब, डोळ्यांना बरं म्हणून आपण हिरवा रंग लावला होता ना, तो कागदाचा रंग बदलतो तेव्हा नुसता कागदच बदलत नाही. कागदावर जे जे रंगाने भरलेलं असतं, ते सगळं पुसून..."

वाक्य तिथेच राहिलं. तोंड उघडं, हात माउसवर.

बाहेरून दोन्ही मशीनची घरघर येत होती. जुना नकाशा उघडून तिने हिरवं पान तपासलं होतं, हे तिला आठवलं. त्या नकाशावर गुलाबी नव्हतं. रेघा होत्या, गोल होते, आकडे होते, सगळं होतं. गुलाबी नव्हतं.

"नकाशेबाई? अहो, पांढऱ्याफटक काय पडलात?"

"पाहुणा," ती म्हणाली. "साहेब, आज पाहुणा आहे. गिरमिटाच्या टॅबवर हिरवं आहे. त्याला दिसणार नाही."

साहेबांना कळायला एक श्वास लागला. मग ते उठलेच. चांगला माणूस, उगाच कशाला खोटं बोला. रागावला नाही, ओरडला नाही. तिने फोनकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. खाणीत मोबाइल न्यायची बंदी, दारू असते म्हणून. सगळे फोन फाटकावरच्या पेटीत. वॉकीटॉकीही बंद, कारण मास्तर पलीकडच्या जुन्या कड्यावर भोकं भरत होते आणि भरताना हवेत एकही लहर सोडायची नाही असा नियम. राहिला भोंगा. भोंगा वाजला तर दोघेही मशीन बंद करून पळतील. पण भोंग्याची किल्ली मास्तरांच्या कमरेला, आणि मास्तर त्या कड्यावर.

"मी जीप घेऊन मास्तरांकडे जातो, किल्ली आणून भोंगा वाजवतो," साहेब म्हणाले. "तुम्ही वर जा. पाण्याचा टँकर निघालाय बघा, त्यात बसा. खालच्याचं काय?"

"त्याचा टॅब मी बदलला नाही. त्याला गुलाबी दिसतंय."

"नक्की?"

"नक्की. फक्त गिरमिटाचा बदललाय."

टँकर म्हणजे अंगात दुखणं भरलेला म्हातारा बैल. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी शिंपडत तो चढावर चढत होता आणि ती ड्रायव्हरच्या शेजारी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड पुढे ढकलत होती, जणू तिच्या ढकलण्याने जाणार होता. "अहो, पाणी बंद करा, दामटा!" ड्रायव्हर म्हणाला, "बाई, यापेक्षा दामटला तर इंजिन हातात येईल." प्रत्येक वळणावर वरच्या मशीनचा आवाज मोठा होत होता. तो आवाज चालू होता तोवर तिचा जीव टांगणीला होता, आणि तो आवाज थांबू नये असंही तिला वाटत होतं, कारण थांबण्याचे दोन प्रकार होते.

शेवटच्या वळणाआधी तो थांबला.

धमाका झाला नव्हता, हे कानांना कळत होतं, पण मनाला ते पटवून घ्यायला जमेना. टँकर थांबायच्या आत तिने उडी मारली, चप्पल तिथेच राहिली, ती धावत सुटली.

गिरमिट मशीनच्या सावलीत उकिडवा बसून बाटलीतून पाणी पीत होता.

"अगं! वहिनी? तू इथे? अनवाणी? दादाला काही झालं का?"

तिने काही न बोलता त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग आणखी एक. मग तिला रडू कोसळलं. तो बिचारा बाटली सावरत म्हणतोय, "अगं, मी काय केलं? सांग तरी, मग मार." तिने हुंदक्यांतूनच टॅब मागितला. त्याने केबिनमधून काढून दिला. घाईत तीनदा चुकून दुसरंच उघडलं. शेवटी ती ओळ सापडली, तिने खूण काढली आणि टॅब त्याच्यासमोर धरला.

पांढऱ्या पानावर गुलाबी डाग होता. गिरमिटाने तो बघितला. मग मान वळवून मशीन बघितलं, सळई बघितली, पुढच्या भोकासाठी त्याने दगड ठेवून केलेली खूण बघितली. त्या खुणेवरून गुलाबी भाग सुरू होत होता.

"हे पुढचं," तो म्हणाला. "पाणी पिऊन हेच घेणार होतो मी."

"माहितीये."

"वहिनी, आयला..." त्याला पुढे बोलायला सुचेना, आणि गिरमिटाला बोलायला सुचत नाही असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तो खाली बसला. मग हसला. ती पण हसली, नाक पुसत. जिवात जीव आला होता. आज घरी गेल्यावर जावेला काहीही सांगायचं नाही, असं तिने त्याच्याकडून वचनही घेऊन टाकलं. टँकरवाला तिची चप्पल घेऊन आला.

मग गिरमिटाचं हसू गेलं.

खालून घरघर येत होती. संथ, एकसारखी. मौनीचं मशीन.

"वहिनी," तो म्हणाला. "मौनीच्याही डोळ्यांतून पाणी यायचं गं. कुणाला सांगेल तर शपथ. माझ्या लक्षात आलं म्हणून परवा जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या टॅबवर पण तेच बटण दाबून दिलं. तू केलंस तसंच. हिरवं."

तिने खाली बघितलं. पायरीच्या कडेवरून खालचं मशीन दिसत होतं, हाताच्या पंजाएवढं, आणि त्याच्या पायाशी उठणारा धुळीचा पांढरा लोट. नकाशा तिच्या डोक्यात होता, तिनेच काढलेला. खालचा गुलाबी भाग दोन पायऱ्यांमधल्या उभ्या भिंतीच्या बाजूला. आणि मशीन भिंतीच्या बाजूला होतं.

दोघेही कडेवर उभे राहून ओरडले. टँकरवालाही ओरडला, त्याने हॉर्नही दाबून धरला. पण त्या घरघरीत आणि कानांवरच्या टोप्यांत कोण ऐकतंय! मौनीची पाठ यांच्याकडे होती. मान खाली घालून काम करायचा तो नेहमी.

"मी जातो," गिरमिट म्हणाला. डाव्या हाताला एक उतार होता, पायी माणसाने धावत उतरलं तर पोचण्यासारखा. तो निघालाही.

तिने त्याची बाही पकडली.

"सोड, वहिनी."

"भोंगा होईल आत्ता. साहेब गेलेत किल्लीला. आत्ता वाजेल."

"अगं, भिंतीला लागलाय तो! सोड!"

"तू नको जाऊ. माझं ऐक. भोंगा वाजेल."

"तो एकटा आहे खाली!"

"तुला माझी शपथ आहे, जायचं नाही!" ती किंचाळली आणि दोन्ही हातांनी त्याला धरलं. टाचा रोवून, सगळं अंग मागे टाकून. आता दिवसभर लोखंडाशी झुंजणारा तो गडी, त्याने एक हिसडा दिला असता तर ती चार हात लांब पडली असती. त्याने हिसडा दिला नाही. तो ओढत राहिला, विनवत राहिला, "सोड ना गं, वहिनी, सोड ना," शाळेच्या दारात विनवायचा तसा, आणि या बाईला झिडकारायचं त्याच्या अंगात नव्हतं. तिला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिने धरून ठेवलं.

आधी जमीन हलली. आवाज त्याच्यामागून आला. खालच्या पायरीवरून दगड आणि धूळ वर उठली, इतकी वर की यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि मग बराच वेळ वरून खडे पडत राहिले, टँकरच्या टपावर, मशीनवर, त्यांच्या खांद्यांवर. घरघर बंद झाली होती.

आणि मग भोंगा वाजू लागला.

गिरमिट खाली बघत होता. धुळीत काहीच दिसत नव्हतं. मग त्याने आपल्या बाहीकडे बघितलं. तिची बोटं अजून तिथेच होती, पांढरी पडलेली. ती सोडायला हवीत हे तिला कळत होतं, पण ती सुटेनात. त्याने दुसऱ्या हाताने ती एकेक करून उलगडली, हळू, तिला दुखू नये अशी.

"मी पोचलो असतो, वहिनी," तो म्हणाला.

आवाज चढवला नाही. उताराकडे वळला आणि धुळीत उतरत गेला. टँकरवाला त्याच्या मागून धावला.

ती कडेवर उभी राहिली. मौनीला तिने काल संध्याकाळीच बघितलं होतं, त्याच्या घरी म्हातारी आई होती, हे सगळं तिला आठवत होतं, आणि त्याच्यासाठी रडायला हवं हेही कळत होतं. पण मनाला कितीही दटावलं तरी ते एकच म्हणत राहिलं, हा वाचला, हा वाचला.